कमी भरलेले त्रेसष्ट

“मग त्रेसष्ट गेले कुठं?” सरबाबांनी विचारलं.

हिरामण काचेच्या नळीपुढं उकिडवा बसला होता. नळीतला पारा दोनशे पंचावन्नवर उभा होता. गणितानं तीनशे अठरा यायला पाहिजे होते.

“नळीत खोट असेल.”

“नळी बदलून झाली.”

“मग पाऱ्यात असेल.”

“पाराही बदलला तू.”

हिरामणनं नळी हलकेच ठोकली. पारा काही हलला नाही...

सातपुड्याच्या पायथ्याशी रोशा गवताचा माळ आहे. त्या माळावर हा एवढासा मठ. सरबाबा मठात येण्याआधी कॉलेजात रसायन शिकवायचे, म्हणून गावानं त्यांना महाराज केलं तरी ‘सर’ काही काढून घेतलं नाही. दीक्षा मागायला येईल त्याला ते आधी एक काम सांगायचे. कुणाला विहिरीतला गाळ काढायला लावत, कुणाला नुसतं दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं ऐकून घ्यायला लावत. हिरामण त्यांचाच जुना विद्यार्थी, स्टार्चच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला होता. त्याला त्यांनी गणित घातलं.

गणित तसं सोपंच. दोन द्रव. एका बाटलीवर ॲसिटोन लिहिलेलं, दुसरीवर क्लोरोफॉर्म. कुठलाही द्रव बंद भांड्यात ठेवला की त्यातला थोडा वाफ होऊन सुटतो, आणि ती वाफ आतून दाबते. पस्तीस अंशाला एकट्या ॲसिटोनचा दाब पाऱ्याचे तीनशे चव्वेचाळीस मिलिमीटर, एकट्या क्लोरोफॉर्मचा दोनशे त्र्याण्णव. कणाला कण धरून दोन्ही निम्मे निम्मे मिसळले, तर मिळून किती?

हिरामणनं उभ्या उभ्याच सांगितलं होतं. “ज्याचा जेवढा वाटा, तेवढाच त्याचा दाब. निम्मा याचा, निम्मा त्याचा. वरचा अर्धा सोडला तर झाले तीनशे अठरा. दीक्षेसाठी एवढंच?”

“एवढंच. आता करून बघ.”

आणि तेव्हापासून तो करून बघत होता.

“चिडलास?” सरबाबांनी विचारलं.

“नाही सरबाबा. राग नाही येत मला आता. जिंकलाय मी तो.”

हे तो सगळ्यांना सांगायचा. दूध घालायला येणाऱ्या बाईलासुद्धा सांगून झालं होतं.

“कधी जिंकलास?”

“लग्नानंतर वर्षभरानं ध्यानाला बसायला लागलो. तेव्हापासून हळूहळू गेलाच म्हणा ना.”

“ध्यानानं गेला?”

“दुसरं काय केलं मी?”

सरबाबांनी खुंटीवरच्या भगव्या वस्त्राची घडी नीट केली. हिरामणसाठी शिवून ठेवलेलं वस्त्र होतं ते. आज मिळायचं होतं. फक्त मठाची एक रीत होती, की घरच्यांनी तोंडानं मोकळं केल्याशिवाय कुणाच्या अंगावर वस्त्र घालायचं नाही. म्हणून घरी निरोप गेला होता.

आणि घरची माणसं फाटकात येऊन उभी होती.

पुढं बायकोकडचा झिपरू मामा, हातात काठी. मागं हिरामणची बायको कोकिळा. तिच्या कडेवर चारेक वर्षांची रेवा. पोरीच्या कानाला घट्ट फडकं बांधलेलं, फाल्गुन लागला तरी.

“या,” सरबाबा म्हणाले. “चढ लागला असेल.”

“चढाचं काही नाही महाराज,” मामा टेकत म्हणाला. “आमचे जावईबापू एवढे वर चढलेत, आम्हाला नुसता डोंगरच चढायचा होता.”

कोकिळानं रेवाला खाली ठेवलं आणि लगेच तिचा हात धरला. “त्या बाटल्यांपाशी जायचं नाही. इथंच. माझ्याजवळ.”

“वडलांजवळ जाऊ दे की तिला,” सरबाबा म्हणाले.

“जाईल. पण आधी ते सगळं बाजूला ठेवा. दिसेल ते तोंडात घालते ती.”

हिरामणनं बाटल्या फळीवर ठेवल्या. त्याच्या दोन्ही हातांना भगवं फडकं गुंडाळलेलं होतं. हीसुद्धा मठाचीच रीत. दीक्षा मागणाऱ्यानं उघड्या हातानं कशालाही धरायचं नाही, हात सुटला की मन सुटतं म्हणतात. रीत मोडेल त्या दिवशी उपास. हिरामणला एकदाही उपास पडला नव्हता. त्याचाही त्याला थोडा अभिमान होताच.

रेवा त्याच्यापर्यंत गेली. फडक्याकडं बघितलं तिनं.

“लागलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग बांधलं का?”

हिरामणनं तिच्या डोक्यावर फडक्याचा हात ठेवला. पोर मागं सरकली आणि आईच्या पदरात जाऊन उभी राहिली.

“ताप होता तिला,” कोकिळा म्हणाली. “निरोप धाडला होता मी.”

“मिळाला होता.”

“मग?”

“मी जप वाढवला.”

“असं होय,” मामा म्हणाला. “मग जपानंच उतरला असणार. डॉक्टर उगाच सुई टोचून गेला बिचाऱ्या लेकराला.”

हिरामण हसला. त्याला राग आला नाही. तसं त्यानं सरबाबांकडं बघितलंही.

सरबाबांनी सगळ्यांना पाणी दिलं. मग कोकिळासमोर बसले. “बाई, यांना वस्त्र हवंय. तुम्ही हो म्हणालात तर मी देतो. नाही म्हणालात तर देत नाही. रीत एवढीच आहे.”

कोकिळानं पदर नीट केला.

“हो म्हणायलाच आलेय. पण नुसतं हो नाही म्हणणार. काडी मोडायची.”

मामानं खिशातून गवताची वाळकी काडी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांच्याकडं सोडचिठ्ठी अशीच होते. एक टोक नवऱ्यानं धरायचं, एक बायकोनं. मोडली की दोघं मोकळी.

“पंचांपुढं बोलून आलोय,” मामा म्हणाला. “काडी तेवढी राहिलीय.”

“काडीची काय गरज?” हिरामण म्हणाला. “तू संमती दे. नातं आपोआप गळून पडतं.”

“तुमचं पडत असेल. माझं नाही पडत.” कोकिळाचा आवाज चढला नाही. “मी संमती देऊन घरी जाऊ, आणि जन्मभर कुंकू लावून या डोंगराकडं बघत बसू? माहेरच्या गावी अंगणवाडीत मदतनीस म्हणून घेतायत मला. पोरीला तिथंच घालीन. नवरा आहे म्हणू का नाही म्हणू, हे एकदा कळलं पाहिजे. मोकळं व्हायचं तर दोघांनी व्हायचं.”

“बरोबर बोलते,” सरबाबा म्हणाले.

हिरामणही मान हलवत म्हणाला, “बरोबर. तसंही कोकिळा, आपण एका घरात होतो एवढंच. तू तुझ्या जागी होतीस, मी माझ्या. मी तुझं काही घेतलं नाही, तू माझं काही घेतलं नाहीस. दोन द्रव एका भांड्यात असतात, तरी प्रत्येकाचा दाब आपापला असतो. वाटा कमी होतो, बदलत कुणी नाही.”

“हे काय बोलले?” मामानं कोकिळाला विचारलं.

“मला विचारू नको. मी सातवी शिकलेय.”

सरबाबा उठले. त्यांनी फळीवरून दोन्ही बाटल्या काढल्या. एक मोकळी, जाड बुडाची बाटली घेतली. आधी एकीतलं ओतलं. मग दुसरीतलं, तेवढंच. बूच लावलं. हलकेच हलवलं.

“त्याचा वास घेऊ देऊ नका पोरीला,” कोकिळा म्हणाली.

“बूच लावलंय. घ्या, धरा जरा.”

“मी?”

“तुम्ही. दोन्ही हातांनी.”

कोकिळानं हात पदराला पुसले आणि बाटली धरली. मग चमकून तिनं सरबाबांकडं बघितलं.

“कोमट आहे ही.”

“आधीच्या बाटल्या कोमट होत्या?”

“नाही हो. मघाशी यांनी त्या फळीवर ठेवल्या तेव्हा एकीवर पाण्याचे थेंब होते, सकाळच्या गारव्यानं वाळलेही नव्हते.” तिनं बाटली उलटीपालटी करून बघितली. “चुलीवर नाही, उन्हात नाही. मग तापली कशी?”

सरबाबा हिरामणकडं वळले. “तू इतके दिवस मिसळतोयस. कधी सांगितलं नाहीस.”

हिरामणनं आपल्या हातांकडं बघितलं. फडक्याकडं.

“मला... लागलंच नाही कधी.”

बाहेर माळावर वारा सुटला होता. रेवा मामाच्या काठीनं जमिनीवर रेघा ओढत होती.

“ते एकमेकांना धरतात, हिरामण,” सरबाबा म्हणाले. “धरताना ऊब सुटते. आणि एकदा धरलं की पहिल्यासारखे उडून जात नाहीत. याचेही कमी उडतात, त्याचेही. मग वरचा दाब कमी भरणारच. तुझी बेरीज चुकली नाही. तू त्यांना परके धरून बेरीज केलीस.”

“सगळे द्रव असेच असतात?” कोकिळानं विचारलं.

“नाही. काही एकमेकांना ढकलतात. तिथं दाब बेरजेपेक्षा जास्त भरतो. काहींना एकमेकांच्या असण्यानसण्याचं काही नसतं, त्यांचं हिरामणच्या गणितासारखं येतं. पण ते थोडे.”

कोकिळा बाटली तशीच धरून बसली.

“एक बोलू का, सरबाबा?”

“बोला.”

“हे राग जिंकला म्हणतात. जिंकला असेल. मला ध्यानातलं कळत नाही. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी पाण्याचा माठ फोडला होता. कारखान्यात साहेबाच्या अंगावर धावून गेले, घरी बसायची पाळी आली होती. मग मी शिकले. यांच्या चपलेच्या आवाजावरून मला कळायचं आज तिकडं काय झालंय. तसा आवाज आला की मी रेवाला आधी जेवू घालून निजवायची. तांब्या भरून पुढं ठेवायची. सासूबाईंचं दिवसभराचं बोलणं पोटात ठेवायची, ते यांच्या कानावर नाही जाऊ दिलं. आणि मी काही गरीब गाय नव्हते हो. माहेरी माझ्या तोंडाला हा मामा भ्यायचा.”

“अजून भितो,” मामा म्हणाला.

“पण यांचंही सांगते, खोटं कशाला बोलू. सासूबाई मला बोलायला लागल्या की हे उठून मधे येऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत. नुसते मधे बसायचे, पेपर वाचत. तेवढ्यानं माझा पारा उतरायचा. मीसुद्धा मग शांत झाले म्हणतात लोक. माहेरी म्हणतात, कोकिळा बदलली...”

तिनं बाटली सरबाबांपुढं ठेवली.

“मला वाटायचं ह्याला संसार म्हणतात. यांना वाटलं यांची साधना फळली.”

हिरामण हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कुणाला कळलं नाही. रोज पहाटे उठून तो ध्यानाला बसायचा तेव्हा घरात कसं सामसूम असायचं. भांडं वाजत नसे. पोर रडत नसे. कुणीतरी ते सगळं धरून ठेवायचं, म्हणून ती सामसूम असायची, हे त्याच्या डोक्यात आज पहिल्यांदा आलं.

कोकिळानं थोडा वेळ वाट बघितली. मग तिनं विचारलं, अगदी हळू, “रेवाचे पप्पा, तुम्हाला काही म्हणायचंय का?”

मामा काडीशी चाळा करत होता, तो थांबला.

सरबाबांनी खाली बघितलं.

हिरामणच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं. पण समोर मामा बसला होता. खाली गावात लोकांनी त्याला हार घातले होते, पाया पडले होते, म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा. कारखान्यातल्या मंडळींना तो सांगून आला होता, आता परत येणं नाही. ते सगळं त्याला आडवं आलं.

तो सरबाबांकडं वळला.

“म्हणजे सरबाबा... माझी बेरीज बरोबरच होती ना?”

कोकिळानं डोळे मिटले. उघडले तेव्हा ते कोरडे होते.

“दे रे मामा,” ती म्हणाली.

मामानं काडी पुढं केली. तिनं आपलं टोक धरलं. हिरामणनं फडक्याच्या बोटांत दुसरं टोक धरलं. धरताना घसरलं, तेव्हा तिनंच त्याच्या बोटांत नीट बसवून दिलं, जसं लेकराच्या हातात पेन्सिल बसवून देतात तसं.

काडी वाळलेली होती. मोडायला काही लागलं नाही.

“झालं,” मामा म्हणाला. आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. “येतो जावई...” तो मधेच थांबला, आणि नुसता हात जोडून उठला.

कोकिळा सरबाबांच्या पाया पडली. रेवाच्या कानाचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. “पाणी प्यायचं का अजून? पिऊन घे, वाटेत कुठं मिळायचं नाही.” पोरीला पाणी पाजलं. उरलेलं तिच्या डोळ्यांना लावलं. मग तिला कडेवर घेतलं.

“पप्पा येत नाहीत?” रेवानं विचारलं.

“उन्हं चढायच्या आत खाली उतरलं पाहिजे,” कोकिळा म्हणाली.

फाटक वाजलं.

हिरामण बसल्या जागी बसून राहिला. मग त्यानं एका हाताचं फडकं सोडलं. मग दुसऱ्या हाताचं. उघड्या हातांनी त्यानं सरबाबांपुढची बाटली उचलली आणि तळव्यात धरली. गालाला लावली.

गार झाली होती.

“पुन्हा मिसळू का?” त्यानं विचारलं.

“त्या बाटल्यांतलं संपलं.”

माळावरून पोरीचा आवाज येत होता, काहीतरी विचारत असल्यासारखा. उत्तर ऐकू येत नव्हतं. मग प्रश्नही ऐकू येईना.

सरबाबांनी तांब्या पुढं केला. “पाणी घे.”

“नको.”

“सकाळपासून काही नाही पोटात. घोटभर घे.”

“नको म्हटलं ना एकदा!”

हात लागून तांब्या उडाला. भिंतीवर आपटला, गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला. पाणी सगळ्या ओटीवर झालं. तो आवाज हिरामणनं स्वतःच ऐकला. माठ फुटला होता त्या दिवशीचाच आवाज होता तो. तेवढाच मोठा. मधल्या वर्षांत कणभर कमी झाला नव्हता.

सरबाबांनी ओला झालेला हात झटकला. तांब्या उचलून आणला, पालथा घातला. रागावले नाहीत. त्यांचाही चेहरा उतरला होता, आणि ते बराच वेळ फाटकाकडंच बघत राहिले.

“सरबाबा,” हिरामण म्हणाला, “मी थांब म्हणालो असतो तर... थांबली असती ती?”

सरबाबा वळले. खुंटीवरचं वस्त्र काढून आणलं. घडी न मोडता दोन्ही हातांनी त्याच्या उघड्या तळव्यांवर ठेवलं.

हिरामणनं वस्त्राकडं बघितलं. त्याला ते जड लागलं. मान हलवत, रडत, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “नको. मला हे नको.”

“मघाशी म्हणाला असतास,” सरबाबा म्हणाले, “तर ऐकणारं कुणी होतं.”